कॅज्युअल्टीतली सोनोग्राफी: घरी काय शिकाल, मशीनवर काय शिकाल

अपघाताचा रुग्ण येतो, बीपी उतरत चाललेलं असतं आणि रेडिऑलॉजिस्ट पोहोचायला वेळ असतो. अशा वेळी पोटात किंवा हृदयाभोवती रक्त साचलंय का, हे ड्युटीवरच्या ज्युनिअर डॉक्टरला स्वतः प्रोब (सोनोग्राफी मशीनचा अंगावर ठेवायचा भाग) धरून पाहता यावं, यासाठी आमचा ई-फास्ट (जखमी रुग्णाच्या पोटाची, हृदयाभोवतीची आणि छातीची झटपट सोनोग्राफी) अभ्यासक्रम आहे. त्याचा काही भाग ऑनलाइन आहे, काही प्रत्यक्ष.

चित्र ओळखायला घरी शिकता येतं. यकृत आणि उजवी किडनी यांच्यामध्ये एरवी पांढरी रेघ दिसते. तिथे काळी पट्टी आली की द्रव साचल्याची शंका घ्यायची. फुफ्फुसाचं आवरण श्वासागणिक सरकतंय का, हे तर हलत्या क्लिपवरच कळतं. म्हणून ऑनलाइन भागात व्याख्यानं मोजकी आणि क्लिप भरपूर आहेत, नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल मुद्दाम मिसळलेल्या. आधी तुम्ही उत्तर द्यायचं, मग कारण उघडतं. नाइट ड्युटीनंतर मोबाइलवर थोडं थोडं पाहिलं तरी चालतं.

हात मात्र व्हिडिओ पाहून बसत नाही. नवशिक्याने उजव्या कुशीत प्रोब ठेवला की बरगडीची काळी सावली आड येते. मग तो प्रोब दाबतो, जेल ओततो, गेन (चित्राचा उजळपणा) वाढवतो. खरं तर मार्कर (प्रोबच्या कडेची खूण) किंचित पाठीकडे फिरवून प्रोब दोन बरगड्यांच्या फटीत तिरका बसवायचा असतो. शिक्षकाने मनगट धरून एकदा फिरवून दाखवलं की सावली हटते आणि किडनी पूर्ण दिसते. तिथून प्रोब खाली सरकवत यकृताच्या टोकापर्यंत जायचं. रक्त थोडंच असेल तर ते बरेचदा आधी तिथे सापडतं, आणि घाईत नेमकी हीच जागा पाहायची राहते.

म्हणूनच प्रत्यक्ष सत्रात आम्ही स्लाइड लावत नाही. एका मशीनवर चारच जण असतात. ऑनलाइन चाचणी पूर्ण केल्याशिवाय सत्रात जागा मिळत नाही, आणि ही अट आम्ही कुणासाठीही सोडत नाही: एकाची तयारी नसेल तर बाकी तिघांचा प्रोबवरचा वेळ जातो. सत्रानंतर तुम्ही केलेल्या तपासण्यांच्या क्लिप रुग्णाचं नाव काढून पाठवायच्या. शिक्षक त्या पाहून लेखी अभिप्राय देतात.

आता कायद्याचं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्येच कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्यानुसार सोनोग्राफी मशीनला नोंदणी लागते, त्यामुळे प्रत्यक्ष सत्र नोंदणीकृत केंद्रातच होतं. मशीन घेऊन तुमच्या रुग्णालयात येण्याची विनंती आम्ही स्वीकारत नाही. मॉडेल म्हणून निरोगी पुरुष स्वयंसेवक असतात आणि गरोदर महिलेची तपासणी या अभ्यासक्रमात नाही. आमचं प्रमाणपत्र म्हणजे याच कायद्याखालच्या २०१४ च्या नियमांतलं सहा महिन्यांचं सोनोग्राफी प्रशिक्षण नव्हे. तुमच्या विभागात प्रोब हाती घेण्याआधी मशीनची आणि तुमच्या नावाची नोंद आहे ना, हे रुग्णालयाकडून, गरज पडल्यास समुचित प्राधिकाऱ्यांकडून (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्यांकडून) पक्कं करून घ्या.

प्रवेश घेताना तुमच्या कॅज्युअल्टीत कोणते प्रोब आहेत तेही कळवा. फक्त कर्व्हिलिनियर (पोटासाठी वापरतात तो वक्र टोकाचा) असेल, तर फुफ्फुसाचा सरावही त्यावरच करून घेऊ.