खुल्या स्रोतांवरून युद्धवार्तांची पडताळणी

सशस्त्र संघर्षाविषयीचे दावे कोणालाही पाहता येईल अशा सामग्रीवरून नोंदवण्याची व तपासण्याची पद्धती. समाजमाध्यमांवरील चित्रफिती, उपग्रह-छायाचित्रे, नकाशे, रेडिओ प्रक्षेपणे आणि सरकारी निवेदने ही तिची मुख्य साधने. ‘ओसिंट’ (‘ओपन सोर्स इंटेलिजन्स’चे लघुरूप) या नावाने ती अधिक परिचित आहे. परकी प्रक्षेपणे ऐकून त्यांतून माहिती वेचण्याचे काम बीबीसीचा मॉनिटरिंग विभाग १९३९ पासून करत आला आहे. मात्र सामान्य माणसाने टिपलेले चित्रण पुराव्याच्या पंगतीत आले ते सीरियातील यादवी युद्धात.

पडताळणीची सुरुवात कंटाळवाणी असते. चित्र पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते का, हे प्रतिमाशोधाने (शब्दांऐवजी चित्रच देऊन इंटरनेटवर शोध घेऊन) पाहतात आणि बरेचसे दावे तेथेच गळतात. ‘आर्मा ३’ या संगणकीय खेळातील दृश्ये खरी लढाई म्हणून इतक्यांदा फिरली, की खेळाच्या निर्मात्यांनाच २०२२ मध्ये खुलासा करावा लागला. फाइलमध्ये दडलेली स्थळ-काळाची नोंद बहुतेक समाजमाध्यमे काढून टाकतात. त्यामुळे ठिकाण व वेळ चित्रातूनच हुडकावी लागते.

ते कसे साधते, याचा नमुना कॅमेरूनच्या प्रकरणात दिसतो. सैनिक दोन स्त्रिया व दोन मुलांना गोळ्या घालत असल्याची चित्रफीत जुलै २०१८ मध्ये पसरली. सरकारने प्रथम ती खोटी ठरवली. ‘बीबीसी आफ्रिका आय’ या शोधपत्रकारिता विभागाच्या गटाने पार्श्वभूमीतील डोंगररांगेची रेघ उपग्रहाधारित भूरूपाशी जुळवली आणि झेलेवेत हे गाव निश्चित केले. कोणती बांधकामे कोणत्या उपग्रह-चित्रात आहेत, कोणत्यात नाहीत, यावरून काळाची चौकट ठरली. केवळ कोरड्या ऋतूत उमटणाऱ्या पायवाटेने ती आणखी आवळली. सैनिकांच्या सावल्यांवरून सूर्याची उंची व दिशा काढल्यावर २० मार्च ते ५ एप्रिल २०१५ हा कालावधी हाती आला. लष्करी न्यायालयाने २०२० मध्ये चार सैनिकांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली.

न्यायालयांनीही अशा सामग्रीची दखल घेतली आहे. लिबियातील सेनाधिकारी महमूद अल-वेरफल्ली याच्याविरुद्ध आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये काढलेले अटक-आदेश बऱ्याच अंशी समाजमाध्यमांवरील चित्रफितींवर आधारलेले होते.

एक घटना सिद्ध करणे आणि संपूर्ण युद्धाचा हिशेब मांडणे यांत मात्र मोठे अंतर आहे. ‘ओरिक्स’ हा गट छायाचित्र अथवा चित्रफीत असलेलीच लष्करी सामग्रीची हानी मोजतो. साहजिकच त्याचा आकडा किमान हानीचा असतो, पण वृत्तपत्रे तो पुष्कळदा एकूण हानी म्हणून छापतात. उप्साला विद्यापीठाचा माहितीसंच वर्षाला किमान २५ युद्धमृत्यू झाल्यावरच संघर्षाला सशस्त्र संघर्ष म्हणतो, तर ‘ॲक्लेड’ हा दुसरा माहितीसंच कोणीही न दगावलेल्या चकमकी आणि निदर्शनेही टिपतो. या दोहोंचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे फसवे. युद्धाच्या सतत अद्ययावत होणाऱ्या नकाशांवरील ठळक आघाडीरेषाही अशीच जपून वाचावी. प्रत्यक्षात तेथे कित्येक किलोमीटरचा अनिश्चित पट्टा असू शकतो.

चित्रण नसणे हा घटना न घडल्याचा पुरावा नव्हे. इंटरनेट बंद असलेल्या प्रदेशातून काहीच बाहेर येत नाही. सेंटिनेल-२ या उपग्रहांच्या मोफत चित्रांत सुमारे दहा मीटरहून बारीक तपशील उमटत नाही, आणि ढगांखालचे त्यांना दिसत नाही. नासाची आग-नोंद तोफमाऱ्याने लागलेली आग आणि शेतातला पेटवलेला पालापाचोळा यांत भेद करत नाही.

सामग्री टिकवणे ही वेगळीच अडचण. २०१७ मध्ये यूट्यूबच्या स्वयंचलित छाननीत सीरियातील हजारो चित्रफिती उडाल्या. ‘सीरियन आर्काइव्ह’सारखे प्रकल्प अशा चित्रणाच्या प्रती जतन करतात. संयुक्त राष्ट्रांचे मानवी हक्क कार्यालय व बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ‘बर्कली प्रोटोकॉल’मध्ये मूळ प्रत, तिचा इंटरनेटवरील पत्ता व ती मिळवल्याची वेळ नोंदवण्याचे, तसेच चित्रण करणाऱ्याची सुरक्षितता सांभाळण्याचे निकष दिले आहेत.