पातेल्यात सापडलेला तित्तिर

टांझानियातल्या उडझुंग्वा डोंगरात १९९१ साली डॅनिश पक्षीअभ्यासकांचा मुक्काम पडला होता. तिथल्या स्वयंपाकाच्या पातेल्यात त्यांना एका पक्ष्याचे दोन पाय दिसले. आफ्रिकेतल्या माहितीतल्या कुठल्याच पक्ष्याशी ते जुळेनात. ज्याचे हे पाय, तो पक्षी आसपासच्याच रानात असणार, म्हणून शोध सुरू झाला आणि पक्षी सापडलाही. १९९४ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन छापून आलं. त्याला कुठल्याही जुन्या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत ‘जीनस’) बसवता येईना, म्हणून नवी प्रजाती करावी लागली: झेनोपर्डिक्स, म्हणजे परका तित्तिर. पुढचं नाव डोंगरावरून पडलं, उडझुंग्वेन्सिस.

हा पक्षी जेमतेम २९ सेंटिमीटरचा. पाठीवर ठळक तपकिरी पट्टे, चेहरा तांबूस, पोटाकडे राखाडी रंग आणि त्यावर काळे ठिपके. चोच लाल, पाय पिवळे. नर-मादी दिसायला सारखेच. दाट झाडीखाली पडलेल्या पाल्यात हा भुंगेरे, मुंग्या आणि बिया शोधत फिरतो आणि रात्री झाडावर चढून बसतो. पाल्याच्या रंगात असा मिसळतो, की शास्त्रज्ञांना इतकी वर्षं तो दिसला नाही याचं मला नवल वाटत नाही. मला नवल वाटतं ते त्याच्या नात्यागोत्याचं.

आफ्रिकेत तित्तिरांना तोटा नाही. पण हा त्यांच्यातला नाही. त्याचे जवळचे भाऊबंद आशियात आहेत: हिमालयापासून आग्नेय आशियापर्यंतच्या ओल्या जंगलांत राहणारे डोंगरी तित्तिर. उत्तराखंडपासून अरुणाचलपर्यंतच्या रानात शीळ घालणारा पक्षी आणि टांझानियातला हा पक्षी एकाच घराण्यातले, आणि दोघांच्या मध्ये अख्खा अरबस्तान. तिथलं वाळवंट ओलांडणं जमिनीवर पाला उकरणाऱ्या पक्ष्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणजे हे पक्षी पांगले तेव्हा तिथे वाळवंट नसणार. शास्त्रज्ञ मानतात ते असं: कोट्यवधी वर्षांपूर्वी हिंदी महासागराच्या काठाने आफ्रिका आणि आशिया यांना जोडणारी जंगलं होती. पुढे हवामान कोरडं पडत गेलं, मधली जंगलं संपली आणि दोन टोकांचे नातलग कायमचे दुरावले.

आफ्रिकेच्या टोकाला तो टिकला, कारण या डोंगरांनी ओल धरून ठेवली. केनियातल्या टाइटा टेकड्यांपासून टांझानियातल्या उडझुंग्वापर्यंत जुन्या डोंगरांची एक कमान आहे. समुद्रावरून येणारे बाष्पाचे वारे तिला अडतात, धुकं उतरतं, पाऊस पडतो. बाकी आफ्रिकेत जंगलं आटली तेव्हाही इथली झाडी बरीचशी तगली. या झाडीतून आजही नवं काही बाहेर येतं. ज्या नदुन्दुलू जंगलात हा तित्तिर राहतो, तिथेच २००४ मध्ये किपुंजी नावाचं माकड शास्त्रज्ञांच्या नजरेला पडलं.

अशीच एक गोष्ट आपल्या मोराच्या नात्यातली आहे. १९१३ साली अमेरिकी पक्षीतज्ज्ञ जेम्स चॅपिन यांना काँगोच्या जंगलात एका माणसाच्या शिरपेचात खोवलेलं अनोळखी पीस मिळालं. ते कुणाचं, हे कळायला १९३६ साल उजाडलं. बेल्जियमच्या टेर्वुरेन संग्रहालयात पेंढा भरून ठेवलेले दोन पक्षी त्यांना दिसले. त्यांच्यावर चिठ्ठी होती भारतीय मोराच्या पिल्लांची, पण ते होते आफ्रिकेचे मोर. त्यांचेही जवळचे नातलग आशियातलेच.

दोन्ही गोष्टींत एक धागा समान आहे. जंगलाजवळच्या माणसाला तिथला पक्षी आधीपासून ठाऊक होता. एकाने मोराचं पीस डोक्यात खोवलं, दुसऱ्याने तित्तिराचं कालवण केलं. म्हणून ‘शोध लागला’ हे शब्द मला इथे अपुरे वाटतात.

उडझुंग्वात हा तित्तिर नदुन्दुलू आणि न्युम्बानितू या दोनच जंगलांत आढळतो. २००० साली थोडं उत्तरेला, रुबेहो डोंगरातही असेच पक्षी सापडले. २००५ मध्ये काही अभ्यासकांनी त्यांना वेगळी जात मानलं. मात्र त्या पक्ष्यांच्या वाट्यालाही जंगलाचा लहानसाच तुकडा आला आहे. जागतिक यादीत उडझुंग्वाचा तित्तिर संकटग्रस्त म्हणून नोंदला आहे. झाडतोड होतेच, शिवाय फासे लावले जातात. तित्तिराला स्वाहिलीत क्वाले म्हणतात, आणि फासा लावणाऱ्याला सगळे क्वाले सारखेच. पाल्यात चालणाऱ्या पक्ष्याचा पाय त्यात अलगद अडकतो.