काळविटाच्या माजाचे माळ (सोलापूर जिल्हा)

माजाच्या दिवसांत काळवीट नर ज्या उघड्या, गावापासून लांबच्या गवताळ जमिनीवर ठाण मांडतात, ते माजाचे माळ. पूर्वीचे शिकारी नेमक्या अशाच निवांत जागा हेरत. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजचा माळ हे जिल्ह्यातील सर्वांत परिचित उदाहरण.

काळवीट हे सारंग (दरवर्षी शिंगे गाळणारे हरीण) नव्हे, कुरंग (शिंगे कायम राहणारे) आहे; त्याची पिळदार शिंगे दरवर्षी गळत नाहीत. मिलन वर्षभर होऊ शकते, पण जोर दोनदा असतो: साधारण मार्च ते मे आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर. या काळात काळाभोर नर एक तुकडा आपला मानतो. ठरलेल्या जागी लेंड्या टाकून ढीग करतो, डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव काड्याकाटक्यांना पुसतो. मादी हद्दीत आली की नाक वर, शिंगे पाठीला टेकलेली, कान पाडलेले, अशा ऐटीत घुरघुरत तिच्याभोवती फिरतो. हे दृश्य पाहिलेला माणूस ते विसरत नाही. गुजरातेतील वेळावदरसारख्या ठिकाणी, जिथे काळविटे दाट आहेत, तिथे नरांच्या लहान लहान हद्दी एकमेकींना खेटून असतात आणि माद्या त्यांतून नर निवडतात.

काळविटाची सारी भिस्त नजरेवर आणि पायांवर. माणूस, मोकाट कुत्री किंवा मोटारसायकल दिसली की माद्यांचा कळप उधळतो. नर मात्र हद्द सोडायला नाखूष असतो, हाकलला तरी घुटमळत परत येतो. म्हणूनच शिकाऱ्याला वर्दळ नसलेला माळ हवा असे: तिथे माद्या टिकतात आणि नर ठरल्या जागी सापडतो. या हट्टाचा फायदा घेण्याची रीत जुनी आहे. शिंगांना फास बांधलेले शिकवलेले हरीण रानटी नरावर सोडून त्याला गुंतवण्याची पद्धत ‘आईन-ए-अकबरी’त नोंदलेली आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते सोडून काळविटांची शिकार होई.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. शिकारीला 3 ते 7 वर्षे कैद होऊ शकते. 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी घोषित झालेल्या, सोलापूर व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यांत पसरलेल्या अभयारण्याचे मूळ क्षेत्र 8,496 चौरस किलोमीटर होते; पुढे ते बरेच कमी करण्यात आले. पक्ष्यासाठी राखलेले गवत काळविटाच्याही कामी आले, आणि त्याच्यामागे लांडगाही इथे टिकला. कळप ज्वारीत शिरतात, शेतकऱ्याचे नुकसान होते, ही तक्रार खरी आहे आणि त्या नुकसानाची भरपाई वेळेत मिळायला हवी.

मिलनानंतर सुमारे सहा महिन्यांनी मादीला बहुधा एकच पाडस होते. पहिले काही दिवस ते पळत नाही, गवतात दबून बसते; माळ पेटवला तर तेही त्यातच सापडते.