कापडाच्या पेठेतलं सिनेगॉग: मँचेस्टरच्या ज्यू संग्रहालयाची पार्श्वभूमी

इचलकरंजीला आपण ‘महाराष्ट्राचं मँचेस्टर’ म्हणतो. खुद्द मँचेस्टरमध्ये, चीथम हिल रोडवर, लाल विटांचं एक जुनं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आहे आणि त्याच्या मुळाशीही कापडाचा धंदाच आहे. शहरातलं हे सर्वांत जुनं शिल्लक सिनेगॉग आज ज्यू संग्रहालय म्हणून ओळखलं जातं. नूतनीकरणानंतर ते जुलै 2021 मध्ये पुन्हा उघडलं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ज्यू फेरीवाले या शहरात स्थिरावू लागले. पुढे बँकर म्हणून गाजलेला नेथन मायर रॉथशिल्ड फ्रँकफर्टहून आला तोही कापडाच्या व्यापारासाठीच. पुढे भूमध्य समुद्राकाठचे सेफार्दी व्यापारी आले. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंचा वारसा सांगणारी ही मंडळी लँकेशायरचं, म्हणजे मँचेस्टरच्या आसपासच्या परगण्याचं, कापड आपापल्या मुलखात पाठवत. 1874 मध्ये त्यांनी हे सिनेगॉग बांधलं. आराखडा एडवर्ड सॉलोमन्स यांचा, शैली मूरिश, म्हणजे मध्ययुगीन स्पेनमधल्या मुस्लिम वास्तुकलेच्या वळणाची. नालाच्या आकाराच्या कमानी, रंगीत काचा, बायकांना बसायला वरचा सज्जा. ही शैली तेव्हा युरोपभर सिनेगॉगसाठी चालतच होती, पण स्पेनशी नातं सांगणाऱ्यांच्या दारावर ती मला अधिक खरी वाटते.

1881 नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंवर हल्ले सुरू झाले आणि निर्वासितांचे लोंढे आले. ते गरीब होते. जवळच्या रेड बँक, स्ट्रेंजवेज भागात दाटीवाटीनं राहून त्यांनी रेनकोट आणि टोप्या शिवल्या. हातात पैसा आला तशी कुटुंबं उपनगरांत गेली. सेफार्दी व्यापारी तर आधीच शहराच्या दक्षिणेकडे सरकले होते. प्रार्थनेला माणसं उरेनात, तेव्हा सिनेगॉग बंद पडलं.

ते वाचलं ते इतिहासकार बिल विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांमुळे. या लोकांनी कारागीर, शिंपी, गृहिणी यांच्या तोंडून आठवणी ध्वनिमुद्रित करून घेतल्या होत्या. माझ्या मते संग्रहालयाचा खरा ऐवज हाच. 1984 मध्ये संग्रहालय सुरू झालं, पण जागेअभावी प्रदर्शन बायकांच्या सज्जातच मांडावं लागलं.

नूतनीकरणानं ही अडचण सोडवली. सुमारे 60 लाख पौंड खर्चून शेजारी नवी इमारत उभी राहिली. तिच्यावर गंजाच्या रंगाचं पोलाद आहे आणि जुन्या सिनेगॉगमधल्या नक्षीवरून घेतलेली जाळी त्यात कोरली आहे. आत संग्रहातल्या निवडक वस्तू आहेत आणि त्या आठवणीही ऐकता येतात. सज्जा आता पुन्हा सज्जा झाला आहे.