हृदयातील न बुजलेली वाट आणि स्कूबा डायव्हिंग : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

गर्भातील बाळाची फुफ्फुसे श्वसन करीत नसल्यामुळे आईकडून आलेले प्राणवायुयुक्त रक्त त्यांना वळसा घालून पुढे जावे, यासाठी हृदयाच्या दोन अलिंदांमधील (वरच्या कप्प्यांमधील) पडद्यात झडपेसारखी एक वाट असते. जन्मानंतर ती बहुधा कायमची मिटते. परंतु साधारणपणे चारांपैकी एका प्रौढ व्यक्तीत ती पूर्ण बुजत नाही. या स्थितीला पीएफओ (पेटंट फोरामेन ओव्हाले) म्हणतात. बहुतेकांना तिचा आयुष्यभर काहीच त्रास होत नाही, आणि स्टेथोस्कोपने छाती तपासूनही ती सहसा लक्षात येत नाही.

डायव्हिंगमध्ये मात्र तिचा संबंध नायट्रोजनशी येतो. ३० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो आणि त्यामुळे श्वासातील नायट्रोजन रक्तात अधिक प्रमाणात विरघळतो. वर आल्यावर तो बाहेर पडू लागतो, तेव्हा शिरांमध्ये सूक्ष्म बुडबुडे तयार होणे ही सर्व नियम पाळलेल्या डायव्हनंतरही नेहमी आढळणारी गोष्ट आहे. हे बुडबुडे फुफ्फुसांच्या केशवाहिन्यांत अडकतात आणि त्यांतील वायू श्वासावाटे निघून जातो. पीएफओ असल्यास ही गाळणी चुकवून ते थेट डाव्या अलिंदात शिरू शकतात व धमन्यांमार्फत मेंदू, मज्जारज्जू, आंतरकर्ण किंवा त्वचेपर्यंत पोहोचू शकतात.

एरवी डाव्या बाजूचा दाब किंचित जास्त असल्याने झडप मिटलेली राहते. डायव्हर पाठीवरच्या सिलिंडरसह, श्वास रोखून, बोटीच्या शिडीची शेवटची पायरी चढतो आणि मग दम सोडतो, तेव्हा छातीबाहेर अडलेले रक्त उजव्या अलिंदात एकदम येते, दाब उलटतो आणि झडप उघडू शकते. बुडबुड्यांचे प्रमाणही पृष्ठभागावर आल्यानंतरच्या साधारण पहिल्या तासातच सर्वाधिक असते, म्हणून ही शिडी आम्हाला खोलीइतकीच महत्त्वाची वाटते.

यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. पीएफओमुळे, विशेषतः वाट मोठी असल्यास, डीकॉम्प्रेशनच्या आजाराचा, म्हणजे वर आल्यावर अशा बुडबुड्यांमुळे होणाऱ्या त्रासाचा, धोका काही पटींनी वाढतो. पण मुळात हा आजारच क्वचित होणारा आहे, त्यामुळे प्रत्येक डायव्हरने तपासणी करून घ्यावी असे तज्ज्ञही सांगत नाहीत. ज्यांना पूर्वी मेंदू, कान किंवा त्वचेशी संबंधित डीकॉम्प्रेशनचा त्रास झाला आहे, ज्यांच्या अर्धशिशीआधी डोळ्यांपुढे प्रकाशरेषा येतात, किंवा ज्यांना कारण न सापडलेला पक्षाघात होऊन गेला आहे, त्यांनी मात्र डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना अवश्य भेटावे. शिरेतून सूक्ष्म बुडबुडे मिसळलेले सलाइन देऊन, जोर करायला लावून केलेल्या इको तपासणीत ही वाट दिसते.

निदान झाले तरी डायव्हिंग सोडावेच लागते असे नाही. कमी खोली, विनाथांबा मर्यादेच्या (वर येताना सक्तीचे थांबे न घेता खाली राहता येईल त्या वेळेच्या) बरेच आत संपवलेला डायव्ह, दिवसात एकच फेरी, वर येताना ५ मीटरवर लांबवलेला सेफ्टी स्टॉप (खबरदारीचा थांबा) आणि डायव्ह कॉम्प्युटर (खोली व वेळेवरून मर्यादा दाखवणारे उपकरण) साध्या हवेच्या हिशोबावरच ठेवून नायट्रॉक्सचा (कमी नायट्रोजन व जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचा) वापर, यांमुळे बुडबुडेच कमी होतात. काहींना कॅथेटरने ही वाट बंद करण्याचा सल्ला दिला जातो. त्यानंतर ती पूर्ण मिटल्याची खात्री होईपर्यंत पाण्यात उतरू नये.

डायव्हनंतर चक्कर, झिणझिण्या, अशक्तपणा किंवा त्वचेवर जाळीदार निळसर चट्टे दिसल्यास, ते मामुली वाटले तरी, लगेच सांगावे, म्हणजे शुद्ध ऑक्सिजन विनाविलंब सुरू करता येईल. आणि शिडी चढताना जोर पडू नये म्हणून प्रत्येकाने सिलिंडर पाण्यातच पाठीवरून काढून द्यावा. तो आमचे सहकारी वर ओढून घेतील.