पुलावर बंद पडणारा ट्रक आणि नळीतले बुडबुडे

वाशीच्या खाडीपुलावर भरलेला ट्रक बंद पडला की मागे मानखुर्दपर्यंत रांग लागते. माझ्या मावसभावाचा दहाचाकी गेल्या पावसाळ्यात तीनदा असा थांबला. रिकामा असताना काही तक्रार नाही. वडाळ्याहून माल भरून न्हावा शेव्याला निघाला आणि पुलाचा चढ लागला की गाडी आधी खेचणं सोडायची, मग दोन-चार झटके खाऊन बंद. वीस मिनिटं थांबून, डिझेल हाताने पुढे ढकलणारा हँडपंप मारला की पुन्हा चालू. एका गॅरेजने इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारा स्कॅनरही न लावता निकाल दिला: डिझेलचा हायप्रेशर पंप गेला, बदला.

पंप जातोही. पण भाड्याच्या फेऱ्यांवर घर चालवणाऱ्या माणसाला एवढा मोठा खर्च सांगण्याआधी दाब नेमका कुठे हरवतोय हे मोजायला हवं. ते मोजता येतं, आणि सुरुवातीची मोजमापं तर अगदी स्वस्तात होतात.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा दाबून दाबून इतकी तापवली जाते की तिच्यात उडवलेलं डिझेल आपोआप पेटतं. त्यासाठी डिझेलचा अगदी बारीक फवारा हवा, आणि त्या फवाऱ्यासाठी प्रचंड दाब. आजच्या कॉमन रेल गाड्यांत पंपाने दाबलेलं डिझेल ‘रेल’ नावाच्या एका जाड पोलादी नळीत साठतं आणि तिथून सगळ्या सिलिंडरांना जातं; तिथे तो दाब १६०० बार आणि त्याहूनही जास्त असतो. ट्रकच्या टायरमधली हवा साधारण ७-८ बार असते. समुद्राच्या सर्वांत खोल जागी, मरियाना गर्तेच्या तळाशी, दाब सुमारे ११०० बार असतो. म्हणजे बॉनेटखालच्या त्या जाड पोलादी नळीत समुद्रतळाहून जास्त दाब कोंडलेला असतो.

पण गाडी बंद पाडणारा दोष बऱ्याचदा या टोकाला नसतो, दुसऱ्या टोकाला असतो. बऱ्याच ट्रकांत टाकीपासून, डिझेल ओढून आणणाऱ्या फीडपंपापर्यंतच्या नळीत दाब वातावरणापेक्षाही कमी असतो. फीडपंप पुढची जागा रिकामी करतो आणि बाहेरची हवा टाकीतल्या डिझेलला नळीतून ढकलते. शहाळ्याचं पाणी आपण स्ट्रॉने पितो तसंच हे. त्या स्ट्रॉला बारीक चीर असली तर पाणी बाहेर गळतं का? नाही. तोंडात हवा येते. ट्रकच्या या भागातही भेगेतून डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. खाली डिझेलचा थेंब नाही, नळी कोरडी ठणठणीत, म्हणून बघणारा म्हणतो ‘इथे लीकेज नाही’ आणि पुढे सरकतो. मला वाटतं, निदान सर्वांत जास्त वेळा चुकतं ते इथेच.

हवा शिरली तर एवढं काय बिघडतं? डिझेल १६०० बारला दाबलं तरी फार तर दहाएक टक्के आकसतं. हवेचा बुडबुडा मात्र स्पंजासारखा चेपतो. पंपाचा दट्ट्या फिरत राहतो, त्याची मेहनत बुडबुडा चेपण्यातच जाते आणि रेलमधला दाब चढत नाही. तो ठरावीक पातळीखाली गेला की इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेलचा फवारा उडवणारे इंजेक्टर उघडायचाच थांबतो. मिस्त्री म्हणतात ती ‘एअर धरली’ अवस्था हीच. आणि हे चढावरच का होतं? रिकामा ट्रक सपाट रस्त्यावर डिझेल कमी मागतो. भरलेला ट्रक चढावर कितीतरी पटीने जास्त मागतो, नळीतली ओढ वाढते आणि तीच भेग जास्त हवा आत घेते. हँडपंपाने ती हवा पुढे ढकलून काढली की पुढच्या चढापर्यंत गाडी ठीक.

वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळचे एक जुने मिस्त्री आम्हाला भेटले. पाना हातात घेण्याआधी त्यांनी विचारलं, “बंद पडली तेव्हा टाकीत डिझेल किती होतं? झाकण उघडून बघितलं होतं का?” टाकीला हवा घ्यायचं छिद्र असतं. ते चिखलाने बुजलं तर डिझेल संपत जाईल तशी टाकीतच पोकळी तयार होते आणि झाकण सैल करताच ‘फुस्स’ आवाज येतो. आमच्याकडे तो आला नव्हता.

मग त्यांनी फीडपंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी बसवली आणि शेजारी व्हॅक्यूम गेज जोडलं. भावाने रेस दिली. सोनेरी डिझेलमधून आधी एक, मग माळेसारखे बुडबुडे धावायला लागले. मी म्हणालो, सापडलं! मिस्त्री गेजकडे बघत होते. बुडबुडे दोन कारणांनी येतात. फिल्टर चोक असेल तर पंपाला फार जोराने ओढावं लागतं, आणि इतक्या कमी दाबात डिझेलमध्ये विरघळलेली हवाच सुटी होते, सोड्याच्या बाटलीचं बूच काढल्यावर होतं तशी. तेव्हा गेज मोठी पोकळी दाखवतं. हवा बाहेरून शिरत असेल तर ओढ हलकीच राहते. आमचा काटा जेमतेम हलला होता. म्हणजे फिल्टर मोकळा, चीर कुठेतरी मागे.

पुढची परीक्षा आणखी साधी. स्वच्छ डिझेलचा कॅन घेऊन त्यातली नळी सरळ फीडपंपाला जोडली. बुडबुडे गायब, पंप निर्दोष. मग एकेक जोड जुन्या जागी परत लावत मागे गेले. टाकीजवळ चेसिसवरून वळणाऱ्या रबरी नळीपाशी बुडबुडे पुन्हा आले. क्लिपच्या कडेला बोटभर ग्रीस चोपडलं तर थांबले. ती नळी कापून हातात घेतली तेव्हा सरळ धरल्यावर काहीच दिसेना. वाकवली, आणि क्लिपच्या दाबाखाली केसाएवढी भेग ओठ उघडावेत तशी उघडली.

मुंबईच्या पावसाळ्यात पाण्याचाही संशय धरावा लागतो. अर्धी रिकामी टाकी रात्री थंड झाली की आतल्या दमट हवेतली वाफ तिच्या पत्र्यावर जमते. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी तळाशी बसतं आणि त्या दोन थरांच्या मधे जंतू वाढून शेवाळासारखा बुळबुळीत थर धरतो. तो फिल्टर चोक करतो. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचं पाणी या दिवसांत नेमाने काढलंच पाहिजे.

अलीकडची बाजू स्वच्छ निघाली तरच रेलकडे वळायचं. स्कॅनरवर दोन आकडे शेजारी बघायचे: कॉम्प्युटरने मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष मिळालेला. चढावर मागणी वाढत असताना मिळालेला दाब हळूहळू मागे पडत गेला, तर कुठेतरी डिझेल कमी पडतंय किंवा परत वाहून जातंय. इंजिन जोरात फिरत असताना आकडा एका क्षणात शून्यावर पडला, तर आधी सेन्सरची वायर तपासावी. इंजेक्टर झिजल्याचा संशय असेल तर प्रत्येकाच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, एकेक छोटी बाटली लावायची. जी इतरांच्या आधी भरते, त्या इंजेक्टरमधून दाब पळतोय.

जुन्या गाड्यांत नोझलची नट सैल करून, सेल्फ मारून हवा काढायची सवय होती. आपल्याकडे प्रदूषणाच्या बीएस-४ आणि २०२० नंतर बीएस-६ निकषांच्या ट्रकांत कॉमन रेल सर्रास आली, सवय मात्र अनेकांच्या हातात तशीच आहे. चालू इंजिनाच्या रेलची नट कधीही सैल करू नये, आणि लीकेज शोधायला हातही फिरवू नये. एवढ्या दाबाची धार हातमोजा आणि कातडी भेदून डिझेल आत सोडते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आत मात्र स्नायू मरत जातात. असं झालं तर वाट न बघता त्याच तासात मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं आणि डॉक्टरांना ‘टोचलं’ असं न सांगता ‘हायप्रेशरने डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगावं.