मान खाली, कळ कमरेत

द्राक्षाची काढणी ऐन भरात असताना पिंपळगाव बसवंतच्या बाजूच्या एक मावशी माझ्याकडे आल्या. सकाळी बागेत घड तोडायचे आणि दुपारी शेडमध्ये खाली बसून, क्रेट पुढ्यात ओढून, कात्रीने फुटके मणी काढायचे, असं त्यांचं काम. "मॅडम, मान खाली घातली की कमरेत कळ निघते," त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "घरी म्हणत्यात, मानेचा नि कमरेचा काय संबंध? कामाचा कंटाळा आला असंल."

विशेष म्हणजे सकाळी मांडवाखाली मान वर करून घड तोडताना कळ नसायची. ती दुपारी शेडमध्ये बसलं की सुरू व्हायची. मावशींनी सांगितलेल्या या एका गोष्टीत अर्धं निदान होतं.

मानेचा आणि कमरेचा संबंध आहे, आणि तो अगदी सरळ, यांत्रिक आहे. मेंदूभोवती जे चिवट आवरण असतं त्याला ड्युरा मेटर म्हणतात. लॅटिनमध्ये याचा शब्दशः अर्थ 'कणखर माता'. हे आवरण कवटीत संपत नाही. कवटीच्या तळाच्या भोकातून ते नळीसारखं खाली उतरतं, मज्जारज्जूला पोटात घेतं आणि कमरेच्याही खाली, त्रिकास्थीच्या दुसऱ्या मणक्यापाशी संपतं. मज्जारज्जू स्वतः मात्र कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच थांबतो. त्याखाली नळीत नसांचा नुसता झुबका लोंबतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला घोड्याची शेपटी असंच नाव दिलं.

आता मान वाकवा. मणक्यांच्या पोकळीची मागची बाजू लांबते. पूर्ण मागे वाकलेला माणूस पूर्ण पुढे वाकला, तर ही पोकळी 5 ते 9 सेंटीमीटरने लांबते. आतल्या नळीला आणि नसांना तेवढं ताणावं आणि सरकावं लागतं. निरोगी माणसाला ते कळतही नाही. पण कमरेतली गादी सरकून एखाद्या नसेचं मूळ सुजलेलं असेल, तर तिथे सरकायला जागा उरत नाही. हनुवटी छातीकडे गेली की वरून ओढ बसते आणि दुखरी जागा बोंबलते. मान वर केली की नळी सैल पडते. मावशींना मी मांडवाच्या तारेचं उदाहरण दिलं. तार एका टोकाला आवळली, तर जिथे ती खांबाला काचली आहे तिथेच कुरकुरणार. त्यांना ते माझ्याआधी समजलं.

डोकं साधारण 5 किलोचं असतं. ते पुढे झुकलं की पाठीच्या स्नायूंवर भार येतो, हेही खरं. मग दुखणं स्नायूचं की नसेचं? त्यासाठी एक सुंदर चाचणी आहे. जेफ्री मेटलंड या ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्टने 1979 मध्ये तिच्याविषयी लिहिलं. पोक काढून बसायचं, हनुवटी छातीला टेकवायची, मग एक गुडघा हळूहळू सरळ करायचा. तुम्हाला-मला गुडघ्यामागे ओढ जाणवेल, ती नेहमीचीच. मावशींना मात्र ओळखीची कळ थेट कमरेत आली. मी पाय आणि पाठ तशीच ठेवायला सांगून फक्त मान वर करायला लावली, आणि कळ ओसरली. कमर तसूभरही हलली नव्हती. "म्हंजी खोटं नव्हतं ना?" त्यांनी विचारलं. नव्हतंच.

मान वाकवल्यावर होणारं सगळंच असं सौम्य नसतं. कण्यातून करंट गेल्यासारखा झटका आला, तर तपासणी हवीच. फ्रेंच डॉक्टर झां लेर्मिट यांनी 1924 मध्ये या लक्षणाचं सविस्तर वर्णन केलं. मानेत मज्जारज्जूवर दाब येणं हे त्याचं एक कारण, आणि शाकाहारी लोकांनी लक्षात ठेवावं असं दुसरं म्हणजे बी-12 ची कमतरता. तापासोबत मान ताठ झाली, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. आणि पायातली शक्ती जायला लागली, लघवी अडली किंवा बसायची जागा बधिर झाली, तर "उद्या बघू" म्हणू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

मावशींमध्ये यातलं काही नव्हतं. सरकलेल्या गादीचा त्रास बहुतेकांना काही आठवड्यांत, ऑपरेशनशिवाय उतरतो, आणि नुसतं पडून राहिल्याने तो लवकर जात नाही. आम्ही क्रेट टेबलावर चढवलं, म्हणजे मान फार खाली घालावी लागू नये. रोज चालणं ठरवलं. एक हलका व्यायामही दिला: पाय सरळ करताना मान वर, पाय दुमडताना मान खाली. त्यात नस न ताणता पुढे-मागे सरकत राहते.

सहाव्या आठवड्यात त्या पुन्हा त्याच खुर्चीत बसल्या. हनुवटी छातीला टेकवली, गुडघा सरळ केला, क्षणभर थांबल्या. मग हात कमरेकडे न नेता गुडघ्यामागे नेला आणि म्हणाल्या, "आता हितं ओढतंय."